बावीसचा हँडिकॅप

(द्वितीय वर्ष कला)

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे वाक्य आमच्या वर्गात कोणीही म्हणेल आणि त्यावर कोणीही वाद घालणार नाही. मीही घालणार नाही. पण मित्रहो, हा खेळ नीट पाहायचा तर कुंपणाच्या आत जावे लागते, आणि आत जाण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर क्लबाचे सभासद व्हावे, नाहीतर सभासदाची बॅग खांद्यावर घ्यावी. मी दुसरा मार्ग धरला. गेली तीन वर्षे शनिवार-रविवारी आणि सुट्टीत मी आमच्या गावाजवळच्या एका क्लबात कॅडी म्हणून जातो. परीक्षेची फी, पुस्तके आणि बसचा पास एवढे त्यातून निघते. क्लबाचे नाव लिहीत नाही. माझे वडीलही तिथेच कामाला आहेत.

यंदा आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘सवलतींमुळे गुणवत्तेचा ऱ्हास होतो’. मी भाग घेतला नाही, कारण चारचौघांत उभे राहिले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. जे बोलायचे होते ते मला एका रविवारी सकाळी, त्या मैदानावरच्या बाराव्या होलवर सुचले. तिथपर्यंत वाचकांनी माझ्याबरोबर चालावे, एवढीच विनंती. अठरा होल म्हणजे सहा-सात किलोमीटरची चाल. बॅग मी घेतो.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका ठरलेल्या जागेवरून, तिला टी म्हणतात, चेंडू मारायला सुरुवात करायची आणि दूरवर ग्रीन नावाची जी बारीक कापलेली हिरवळ असते तिच्यावरच्या झेंड्याखालील होलात तो कमीत कमी फटक्यांत घालायचा. असे अठरा वेळा. अठराच का, असे मीही एकदा विचारले होते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे पूर्वी एका फेरीत बावीस होल खेळत. १७६४ साली त्यांतले काही एकमेकांत मिळवले, अठरा उरले, आणि पुढे साऱ्या जगाने तोच आकडा धरला. आपल्या देशात कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेर त्याच्याइतका जुना दुसरा नाही. चांगल्या खेळाडूने एखादा होल किती फटक्यांत पुरा करावा याचाही आकडा ठरलेला असतो, तीन, चार किंवा पाच. त्याला पार म्हणतात.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर. हा आकडा मला पाठ आहे, कारण आमच्या मैदानावरचे होल माझे आबा पाडतात. होल रोज एकाच जागी ठेवला तर भोवतालचे गवत तुडवून मरते. म्हणून पहाटे आबा आणि त्यांचे एक जोडीदार नळीसारखे एक हत्यार घेऊन निघतात, ग्रीनवर नवी जागा पाहून ते फिरवत खाली दाबतात, मातीचा गड्डा गवतासकट उचलतात आणि तोच गड्डा कालच्या होलात बसवून वर पाणी मारतात. मोटारी येऊ लागतात तेव्हा कालचा होल कुठे होता हे कुणाला सांगताही येत नाही. आबा चौथीपर्यंत शिकले. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो होल पाडले, पण स्वतः एकातही चेंडू घातलेला नाही. एस. एस. पी. चौरसिया या खेळाडूचे वडील कलकत्त्याच्या त्या जुन्या क्लबात मैदान राखण्याचेच काम करीत, आणि मुलाने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकली, हे मी आबांना मोठ्या उत्साहाने सांगितले. आबा म्हणाले, “मग त्यानं शाळा सोडली का काय?”

तर त्या रविवारी क्लबातल्या एका स्पर्धेचा सामना होता. सामना होलागणिक होता. म्हणजे एकूण फटके मोजायचे नाहीत. ज्याने होल कमी फटक्यांत पुरा केला, होल त्याचा. मी ज्यांची बॅग घेतली होती ते गृहस्थ निवृत्त आहेत. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला बाळ म्हणतात. माणूस मनाने चांगला. आबा आजारी होते तेव्हा त्यांनी दोनदा विचारपूस केली होती, आणि कॅडीचे पैसे ते कधी बाकी ठेवत नाहीत. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून कोणाचा गैरसमज व्हायला नको. त्यांच्यासमोर एक तिशीतला कारखानदार होता, खांदे रुंद, चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा मारणारा.

साहेबांचा हँडिकॅप बावीस आणि त्या तरुणाचा आठ. हा शब्द आपण निराळ्या अर्थाने ऐकलेला असतो. घोड्यांच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून शर्यत बरोबरीची करतात, त्यालाही हँडिकॅपच म्हणतात. गोल्फमध्ये वजन लादत नाहीत, कच्च्या खेळाडूला फटक्यांची सूट देतात. बावीसातून आठ गेले, उरले चौदा. म्हणजे साहेबांना अठरापैकी चौदा होलांवर प्रत्येकी एक फटका माफ. कोणत्या चौदा? तेही कार्डावर छापलेले असते. प्रत्येक होलासमोर एक ते अठरापर्यंतचा एक क्रमांक असतो. जिथे कच्च्या खेळाडूला सवलतीची गरज सर्वांत जास्त, त्या होलाला पहिला क्रमांक. जिथे सर्वांत कमी, त्याला अठरावा. साहेबांना पहिल्या चौदा क्रमांकांच्या होलांवर सूट, उरलेल्या चार सोप्या होलांवर नाही. ही व्यवस्था मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झालो. कोणाला किती द्यायचे आणि नेमके कुठे द्यायचे, दोन्हींचा विचार!

पहिल्या टीवर साहेबांनी विचारले, “बाळ, काय मारू?” असे विचारण्याची सोय नियमातच आहे. अशा सामन्यात सल्ला मागायचा तो फक्त आपल्या कॅडीला. प्रतिस्पर्ध्याला विचारला तर तो होल गेला. आणि कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला. नियमांच्या पुस्तकात आम्ही दोघे मिळून एक बाजू असतो. (क्लबाच्या उपाहारगृहात नसतो, पण तो या लेखाचा विषय नव्हे.) साहेबांनी पाच फटके घेतले, तरुणाने चार. पाचातून एक वजा. होल बरोबरीत सुटला. दुसराही तसाच गेला.

तिसरा होल आखूड आहे, पार तीन, मध्ये नाला. तो सोप्यांपैकी, म्हणून सूट नाही. साहेबांचा चेंडू सरळ नाल्यात. नाल्याकाठच्या झुडपांत किती चेंडू आहेत हे आम्हा कॅडींनाच माहीत! होल गेला. पाचवा मात्र पहिल्या क्रमांकाचा. लांब, चढाचा, उजवीकडे बाभळी. दोघांनीही सहा-सहा फटके घेतले. दोघांचा खेळ सारखा झाला, पण सूट धरून साहेबांचे पाच मोजले गेले आणि त्यांनी होल जिंकला. त्या तरुणाने टोपी काढून म्हटले, “वेल प्लेड, सर.” त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्यावर अन्याय झाला असे त्याला वाटले नाही. उलट, ही सूट नसती तर साहेब त्याच्याशी खेळायला उभेच राहिले नसते आणि त्याची रविवारची सकाळ फुकट गेली असती, हे त्याला पक्के ठाऊक होते.

नवव्यानंतर चहा झाला. सामना बरोबरीत. दहावा बरोबरीत, अकरावा सर्वांत सोपा, तो साहेबांनी घालवला.

बाराव्याच्या टीवर थांबावे लागले, कारण पुढची मंडळी रेंगाळत होती. साहेब बाकावर बसले. गोष्टी निघाल्या. त्यांच्या नातवाला चांगले गुण असूनही हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला नव्हता. साहेब म्हणाले, “सगळं सवलतीवर चाललंय हल्ली. मेरिटला विचारतो कोण?” तरुणाने मान डोलावली. साहेब पुढे म्हणाले, “द्या ना, पण किती वर्षं? याला काही शेवट आहे की नाही?” एवढ्यात समोरची ग्रीन मोकळी झाली. साहेब उठले, हातमोजा चढवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “काय रे बाळ, इथे मला सूट आहे ना?”

मी कार्ड पाहिले. “आहे साहेब. चौथ्या क्रमांकाचा होल आहे.”

माझ्या खिशात मोबाइल होता आणि त्यात महाडीबीटीवर भरलेल्या माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा क्रमांक होता. साहेबांना ते माहीत नव्हते. माहीत असते तर ते तसे बोलले नसते, याची मला खात्री आहे. आणि हेच मला जास्त लागले. त्यांच्या मनात सवलत घेणारा म्हणजे कोणीतरी लांबचा, नातवाची जागा नेणारा. खांद्यावर बॅग घेऊन तीन पावलांवर उभा असलेला नव्हे. मी काही बोललो नाही. त्यांना लोखंडी काठी दिली. पार पाचच्या त्या होलावर त्यांनी सहा फटके घेतले, सूट जाऊन पाच. तरुणाने झाडीत एक घालवला आणि त्याचेही सहा झाले. होल साहेबांचा.

तेराव्यापासून सोळाव्यापर्यंत माझे लक्ष चेंडूवर कमी आणि या विचारावर जास्त होते. त्यामुळे त्या होलांचे वर्णन मला नीट करता येणार नाही. एवढे आठवते की चौदावा आणि सोळावा साहेबांनी जिंकला, दोन्ही सुटीच्या जोरावर.

पुढे हा विचार मी अर्थशास्त्राच्या सरांना बोलून दाखवला. सर म्हणाले, “तुझे उदाहरण आकर्षक आहे, पण लंगडे आहे. हँडिकॅप माणसाच्या स्वतःच्या खेळावरून ठरतो. तो कोणत्या घरात जन्मला यावरून नाही.” सरांचा आक्षेप मी आठवडाभर डोक्यात घेऊन हिंडलो, कारण तो खोटा नव्हता. मग ग्रंथालयाच्या संगणकावर नियम काढून वाचले. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू होऊ लागली. तिच्यात शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरतात. म्हणजे माणूस रोज कसा खेळतो यापेक्षा तो चांगला खेळला तर कुठवर जातो, हे पाहतात. पण एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक मैदानालाही एक आकडा असतो, ५५ पासून १५५ पर्यंत. तरबेज खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती जास्त जड जाते, हे तो आकडा सांगतो. ११३ हा मध्यम. ज्याचा निर्देशांक २० आहे त्याला, बाकी सारे सारखे धरले तर, ११३ च्या मैदानावर २० फटके मिळतात आणि १३० च्या मैदानावर २३. माणूस तोच, फक्त जमीन बदलली.

सर, माझे म्हणणे या जमिनीविषयी आहे. आमच्या घरात छापील कागद म्हणजे दिनदर्शिका आणि विजेचे बिल. बारावीत इंग्रजीचा निबंध लिहून दाखवायला घरात कोणी नव्हते, आणि महाविद्यालयाचा अर्ज भरताना ‘विषयगट’ म्हणजे काय हे विचारायला मी बसस्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो होतो. त्याच गुणपत्रिकेचे पंचावन्न टक्के आमच्या वस्तीत आणि साहेबांच्या वसाहतीत सारखे मोजायचे का? जन्माचे घर हा माणसाचा गुण नाही हे मला मान्य आहे. तो त्याच्या पायाखालचा चढ आहे, आणि चढ मोजायची रीत गोल्फवाल्यांनी आकड्यांत बसवली आहे.

एका गोष्टीत मात्र सरांचे म्हणणे मला पूर्ण पटते. हँडिकॅप एकदा मिळाला की जन्मभर तोच राहत नाही. खेळाडूने फेरीचे गुण नोंदवले की तो पुन्हा मोजला जातो आणि खेळ सुधारला की आपोआप उतरतो. सवलत ज्या घरात दोन पिढ्या पोहोचली आणि जिथे अजून पोहोचलीच नाही, त्यांचा हिशेब वेगळा व्हायला हवा, असे माझे मत आहे. ते माझ्याच काही मित्रांना आवडणार नाही. पण मोजमाप सुधारा म्हणणे वेगळे आणि कार्डच फाडून टाका म्हणणे वेगळे.

वर्गातला एक मित्र म्हणाला, “मग ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरलाही सूट देणार का?” हा प्रश्न वादविवाद स्पर्धेतही आला होता आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. मी त्याला आबांचे काम सांगितले. बावीस हँडिकॅपवाला येणार म्हणून आबा मोठा होल पाडत नाहीत. १०८ मिलिमीटर म्हणजे १०८ मिलिमीटर. डॉक्टर व्हायचे तर शेवटची परीक्षा सर्वांना तीच आणि उत्तीर्ण होण्याचे गुणही तेच. सूट आहे ती टीपासून तिथपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर. मित्राचे समाधान झाले नाही. होईल असे मलाही वाटले नव्हते.

शोधताना आणखी एक माहिती हाती लागली, ती इथे सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकेत चिक इव्हान्स नावाचा एक खेळाडू होऊन गेला. लहानपणी तो शिकागोत कॅडी होता. १९१६ साली त्याने अमेरिकेतली खुली आणि हौशी अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळवली. खेळातून पैसा घेतला तर हौशी खेळाडू म्हणून बाद व्हावे लागले असते. म्हणून गोल्फच्या धड्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून आलेली रक्कम त्याने बाजूला ठेवली आणि आईच्या सांगण्यावरून ती कॅडींच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी दिली. १९३० साली त्या निधीचे पहिले विद्यार्थी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दाखल झाले, आणि ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे. तिच्या अर्जात परीक्षेचे गुण पाहतात, घरची परिस्थिती पाहतात आणि कॅडी म्हणून काम कसे केले तेही पाहतात. एकाच अर्जात तिन्ही! आमच्या क्लबात सभासदांच्या नावांच्या पाट्यांनी एक भिंत भरली आहे. असा एखादा निधी मात्र मी तिथे पाहिला नाही.

सतराव्यावर आलो तेव्हा साहेब दोन होलांनी पुढे होते आणि दोनच होल बाकी होते. हा बरोबरीत सुटला तरी सामना त्यांचा. सतरावा आखूड, पार तीन, सूट नाही. तरुणाचा चेंडू ग्रीनवर झेंड्याजवळ थांबला, साहेबांचा पार दुसऱ्या टोकाला. तरुणाने दोन फटक्यांत चेंडू आत घातला, त्याचे तीन झाले. साहेबांनी लांबून ढकललेला चेंडू हातभर अलीकडे राहिला. आता राहिलेला फटका दिसायला सोपा, पण फसवा. साहेब वाकून पाहत होते. मी म्हणालो, “साहेब, सरळ दिसतंय, पण डावीकडं धरा. होलच्या कडेला पकडून.” ही ग्रीन नाल्याच्या बाजूला किंचित उतरती आहे, आणि त्या दिवशी आबांनी होल नेमका उताराच्या तोंडाशी पाडला होता. साहेबांनी ऐकले. चेंडू डावीकडून वळून आत पडला. तीन. एकाही सवलतीशिवाय तीन. हेही लिहायला हवे, म्हणून लिहिले.

सामना तिथेच संपला. अठरावा खेळायची गरज नव्हती. हस्तांदोलन झाले आणि आम्ही क्लबाकडे चालू लागलो. साहेब खूश होते. मी धीर करून विचारले, “साहेब, हँडिकॅप कमी व्हायला किती वर्षं लागतात?”

साहेब मोठ्याने हसले. “अरे, वीस वर्षं खेळतोय मी. पहिल्या वर्षी चोवीस होता, आज बावीस आहे. आता या जन्मी काही तो उतरत नाही!”

मीही हसलो. बाराव्या होलवरचा त्यांचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण बॅग त्यांची होती आणि आबांची नोकरी तिथली. तो इथे लिहिला. अंक छापून आल्यावर एक प्रत त्यांना नेऊन द्यावी की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.

सोमवारी क्लब बंद असतो. त्या दिवशी सकाळी दोन तास आम्हा कॅडींना खेळू देतात, जुन्या काठ्या घेऊन, नाल्यातून काढलेल्या चेंडूंनी. आम्हाला हँडिकॅप नसतो; तो मिळायला सभासद असावे लागते. गेल्या सोमवारी लवकर गेलो. आबा तिसऱ्या ग्रीनवर हत्यार घेऊन उभे होते. रविवारच्या होलभोवती गवत दबले होते, जागा बदलायचीच होती. मला पाहून म्हणाले, “तूच पहिला हायेस. नाल्यापासनं लांब पाडू का, जरा सोपं जाईल?”

मी म्हणालो, “पाडा.”